दारावरून गेलेला पाणक्या

सायकलच्या शर्यतीत पहिला कोण आला हे जगाला कळतं. शंभराच्या पुढे कोण कोण आले, ते त्यांच्या बायकांनाही फोन करून विचारावं लागतं. ही गोष्ट त्या शंभराच्या पुढच्यांपैकी एकाची आहे. पहिल्या आलेल्यांच्या गोष्टी लिहायला पगारी माणसं असतात, त्यांच्या पोटावर पाय कशाला द्या.

करारात त्याचा हुद्दा 'साहाय्यक सायकलस्वार' असा भारदस्त होता, पण संघाचा मालिशवाला त्याला पहिल्याच वर्षी 'पाणक्या' म्हणाला आणि ते नाव असं चिकटलं की हॉटेलच्या खोलीच्या दारावर लावायच्या चिठ्ठीवरही कुणीतरी तेच लिहायचं. नाव खोटं नव्हतं. संघाची गाडी शर्यतीच्या मागून चालते आणि तिच्यात पाण्याच्या बाटल्या असतात. पाणक्यानं सगळ्या घोळक्याच्या मागे पडायचं, गाडीपाशी जायचं, खिडकीतून येतील तेवढ्या बाटल्या घेऊन जर्सीत पुढून, मागून आणि मानेपाशी कोंबायच्या आणि तो सगळा बोजा घेऊन पुन्हा घोळक्यातून वाट काढत पुढे जायचं. वाटप झालं की परत मागे. बाकीचे लोक शर्यत एकदा पळतात, हा दिवसातून दीडदा पळायचा आणि निकालात मात्र शेवटून मोजला जायचा.

पाणी आणणं ही त्यातल्या त्यात मानाची बाब. वारा समोरून असला की राजेंच्या पुढे राहून तो अंगावर घ्यायचा. राजेंचं चाक पंक्चर झालं की आपलं काढून द्यायचं आणि आपण गाडीची वाट बघत रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. आणि राजेंना लघवीला लागली तर ते काही सायकलवरून उतरायचे नाहीत. ते चालत्या सायकलवरच एका अंगाला वळायचे आणि पाणक्यानं त्यांच्या पाठीला हात लावून सायकल ढकलत ठेवायची. टीव्हीवर तेवढ्यात डोंगर दाखवतात. प्रेक्षक म्हणतात, काय सुंदर देखावा आहे!

राजे म्हणजे संघाचा मुख्य स्वार. त्याला जन्मतः मोठी फुप्फुसं आणि भक्कम मांड्या मिळाल्या होत्या, बाकी सगळं इतरांनी पुरवलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, फक्त हा नागोबा जिंकल्यावर माइकसमोर उभा राहून बीळ आपणच खणलं असंही सांगायचा. "मी फार सोसलं," असं तो म्हणाला की पाणक्या मागे बसच्या पायरीवर बसून राजेंचे बूट पुसत असायचा आणि मालिशवाला त्याच्याकडे बघून भुवया उडवायचा.

संघ एका गाद्यांच्या कंपनीचा होता. सगळ्यांच्या पाठीवर 'निवांत झोपा' असं ठळक लिहिलेलं असे आणि ते वाक्य पाठीवर घेऊन ही माणसं भर उन्हात घाट चढत. त्या निवांत गाद्या मुक्कामाला ट्रकमधून यायच्या, पण एकच, राजेंची. बाकीच्यांना हॉटेलात मिळेल ती गादी, पडदा नीट न मिटणारी खिडकी आणि मलमाचा वास मारणारा खोलीसोबती. ओल्या जर्सी खिडकीच्या गजापासून न्हाणीच्या नळापर्यंत बांधलेल्या दोरीवर वाळत असायच्या आणि त्यांच्याखालून वाकून जायची सवय पाणक्याला इतकी लागली होती की घरीही तो दारातून वाकूनच आत शिरायचा.

आणि साहेब! साहेब म्हणजे संघाचे व्यवस्थापक, ते गाडीत पुढच्या सीटवर बसायचे, मांडीवर बिस्किटांचा पुडा आणि हातात माइक. उंटावरून शेळ्या हाकणं ही म्हण ज्यानं काढली त्यानं साहेबांना पाहिलं असतं तर उंटाच्या जागी गाडीच लिहिली असती. प्रत्येक स्वाराच्या कानात एक बारीकसं यंत्र खोचलेलं आणि त्यातून दिवसभर साहेबांचा आवाज. "चला, चला, चला!" जणू घाटात छाती फुटेस्तोवर पायडल मारणाऱ्या माणसाला चालायचं सुचलंच नव्हतं. साहेब स्वतः तरुणपणी शर्यतींत होते. काय जिंकले होते, हे विचारलं की त्यांना फोन यायचा.

पाणक्या काही पाणी आणायला जन्माला आला नव्हता. विशीच्या आत त्यानं आसपासच्या बऱ्याच शर्यती जिंकल्या होत्या, त्याच्या बापानं ते कप काचेच्या कपाटात लावले होते आणि आपलं पोरगं आता जग जिंकणार अशी दोघांची समजूत होती. संघात आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका चढावर तो राजेंच्या पुढे निघाला. संध्याकाळी साहेबांनी बोलावलं आणि अगदी गोड आवाजात सांगितलं, "तुला जिंकायला नाही घेतलेलं. पाणी आणायला घेतलंय. जमत असेल तर बघ." त्याला वाटलं, तात्पुरतं असेल. तात्पुरती म्हणून धरलेली कामं माणसाला म्हातारं करून सोडतात. हळूहळू त्याला त्या कामाची ऐटही वाटायला लागली, हे सांगायलाच हवं, नाहीतर तुम्ही उगाच त्याची कीव करत बसाल. अख्ख्या घोळक्यात माझ्याइतक्या बाटल्या कुणी नेत नाही, असं तो छाती काढून सांगायचा. लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्यालाही आपली भाकरी गोल झाल्याचा अभिमान असतोच.

काम अंगात किती मुरलं होतं म्हणाल तर, बाटली धरलेला हात दिसला की त्याचा हात आपोआप पुढे जायचा. त्याला विचार करावा लागायचा नाही, किंबहुना करताच यायचा नाही. एकदा विमानतळावर एका परक्या बाईनं आपल्या नवऱ्यापुढे पाण्याची बाटली धरली. पाणक्यानं ती मधल्यामध्ये घेतली, काखेत मारली आणि चालू लागला. नवरा मागे धावला तेव्हा भलतीच पंचाईत झाली. मालिशवाला बाकावर आडवा होऊन हसला होता. पुढे कितीतरी महिने संघात कुणी कुणाला बाटली देताना "पाणक्या कुठाय बघा आधी" असं म्हणायचं.

त्याची बायको एका दवाखान्यात एक्स-रे काढायची. ओळखही तिथलीच. हा गळ्याचं हाड मोडून आला होता. तिनं "हलू नका, श्वास धरा," म्हटलं आणि यानं इतका वेळ धरला की तिलाच "सोडा आता," म्हणावं लागलं. लग्नानंतरही तो घरी यायचा तो बहुतेक काहीतरी मोडूनच. त्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याची हाडं तिला अधिक ओळखीची होती. रस्त्याला लागून दोन खोल्यांचं घर, पुढे दोन पायऱ्या, आणि कोपऱ्यावर तिच्या भावाचं, म्हणजे याच्या मेहुण्याचं, गाद्या-उशांचं दुकान.

मेहुणा बोलायला फटकळ आणि त्याच्या जिभेला हाड नव्हतं. "भावजी, एक विचारू? तुम्ही नक्की करता काय? मी टीव्हीसमोर दिवसदिवस बसतो, पण तुम्ही काही दिसत नाही. आमच्या दुकानातला हमालसुद्धा दिवसातून चार वेळा दिसतो." पाणक्या हसून सोडून द्यायचा. बायको मात्र भावाला म्हणायची, "तू गिऱ्हाईक बघ तुझं," आणि आतल्या खोलीत जायची. नवऱ्याला कमी लेखलेलं तिला खपत नव्हतं. तो घरी नसतो हेही तिला खपत नव्हतं, पण ते ती भावासमोर बोलत नव्हती.

त्या वर्षी पाणक्याचा करार संपत होता. साहेब विषय निघाला की बिस्कीट तोंडात घालायचे. म्हणजे काय ते समजायचं. आणि त्याच वर्षी मोठ्या शर्यतीचा एक टप्पा नेमका त्याच्या गावातून, त्याच्याच रस्त्यावरून जाणार असं जाहीर झालं.

या धंद्यात एक रीत आहे. अख्ख्या धंद्यात चांगली म्हणावी अशी ही एकच, म्हणून नीट सांगतो. शर्यत एखाद्या स्वाराच्या गावातून जाते तेव्हा घोळका त्याला मोकळीक देतो. त्यानं पुढे निघायचं, आपल्या घरापाशी उतरायचं, दोन मिनिटं घरच्यांना भेटायचं आणि घोळका आला की पुन्हा त्यात मिसळायचं. तेवढ्या वेळात कुणी डाव साधत नाही. एरवी एकमेकांना पाण्यात पाहणारी माणसं तेवढा वेळ माणसासारखी वागतात.

बायकोचा फोन आला तेव्हा तो हॉटेलच्या जिन्यात बसला होता.

"थांबशील ना?"

"थांबणार तर. घोळका सोडतो गं. ती रीतच आहे."

"सायकलवरून उतरून थांब. हात हलवून जाऊ नकोस. सगळ्या दुनियेला पाणी पाजतोस, एकदा मी तुला माझ्या हातानं पाजते. दाराशी बाटली घेऊन उभी राहीन."

"बरं."

मग ती जे बोलली ते त्याला त्या शर्यतीभर पुरलं. "हे शेवटचं वर्ष असू दे. करार संपतोय तर संपू दे. घरी ये. काय करायचं ते बघू आपण. तू थांबलास तर मी समजेन की तुलाही यावंसं वाटतंय. नाही थांबलास तरी समजेन. परत विचारणार नाही."

"थांबतो म्हटलं ना," तो म्हणाला. त्याला खरंच थांबायचं होतं. त्याबद्दल कुणी शंका घेऊ नये.

गावच्या टप्प्याच्या दिवशी सकाळी रिवाजाप्रमाणे तो राजेंकडे परवानगी मागायला गेला. राजे मालिशवाल्याच्या मेजावर पालथे पडले होते आणि फोनवर स्वतःचेच फोटो बघत होते.

"आज माझं गाव लागतं. घराशी दोन मिनिटं थांबू का?"

"जा की," राजे फोनमधून मान न काढता म्हणाले. "पण त्याआधी माझं पाणी भरून ठेव. आणि लवकर ये. उन्हाचं मला सारखं लागतं."

मालिशवाल्यानं राजेंच्या पोटरीत अंगठा जरा जास्तच रुतवला. राजे ओरडले. "गाठ आहे," मालिशवाला शांतपणे म्हणाला.

गाव जवळ आलं तसा पाणक्या घोळक्याच्या तोंडाशी गेला. बातमी आधीच पसरली होती. दुसऱ्या संघांचे लोक बाजूला झाले, कुणी पाठीवर थाप मारली, कुणी म्हणालं, "वहिनींना नमस्कार सांग," कुणी म्हणालं, "घर विसरला नाहीस ना रे? विचारत विचारत जा!" आणि पाणक्या पुढे निघाला. आजवर शर्यतीत त्याच्या पुढे कायम शंभर-दीडशे पाठी असायच्या. आता पुढे रिकामा रस्ता होता. कॅमेऱ्याची मोटरसायकल त्याच्या शेजारी येऊन चालू लागली. मेहुणा टीव्हीवर बघत असेल, हा विचार पहिला मनात आला, हे त्याचं त्यालाच लागलं. बायकोचा विचार दुसरा आला.

औषधाचं दुकान गेलं, शाळेची भिंत गेली, पोस्टापाशी वळण आलं. वळताच त्याचा रस्ता. घरापुढे खुर्च्या मांडल्या होत्या, शेजारपाजार गोळा झाला होता, मेहुणा दुकानाच्या पायरीवर फोन उंच धरून उभा होता. आणि दाराशी, अगदी रस्त्याच्या कडेला, दवाखान्यातून मधल्या सुट्टीत आलेली, पांढऱ्या कोटातली बायको हात लांब करून उभी होती. हातात बाटली होती. पाणक्यानं ब्रेकवर बोटं ठेवली.

नेमकं तेव्हाच कानात साहेबांचा आवाज फुटला. "राजे कोरडे पडलेत! पाणी! कोण आहे मोकळं? पाणी आणा!"

पुढचं घडायला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागला नाही. बोटं ब्रेकवरून निघाली. खांदा सैल झाला, हात मागून पुढे आला, बाटलीच्या मानेपाशी बोटं बसली आणि हिसका न बसता, एक थेंब न सांडता बाटली तिच्या हातातून त्याच्या हातात गेली. उभ्या आयुष्यात इतक्या सफाईनं बाटली त्यानं कधी घेतली नव्हती. ती जर्सीच्या पाठच्या खिशात गेली आणि पाय चालतच राहिले. खुर्च्या गेल्या, दुकान गेलं, "भावजी! अहो भावजी!" अशी हाक मागे राहिली, आणि पाणक्या पुढच्या चौकात वेग कमी करून घोळका यायची वाट बघू लागला, कारण पाणी मागे द्यायचं होतं.

घोळका आला. त्यानं राजेंच्या शेजारी जाऊन बाटली त्यांच्या हातात दिली. राजेंनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"साखर आहे रे यात," ते म्हणाले, उरलेलं पाणी मानेवर ओतलं आणि बाटली गटारात फेकून दिली.

बाटली गटाराच्या कडेवर आपटली तेव्हा पाणक्याला कळलं. अंगावर कुणी गार पाण्याची बादली उपडी करावी तसं कळलं. साखर. तो उन्हातून आला की ती त्याच्यासाठी पाण्यात मीठ-साखर घालायची. त्यानं मागे वळून पाहिलं. मागे घोळका, त्याच्या मागे गाड्यांची रांग, त्याच्याही मागे कुठेतरी पोस्टाचं वळण.

वळता आलं असतं. बाजूला होऊन, गाड्या जाऊ देऊन, उलटं जाता आलं असतं. साहेब बोंबलले असते, दंड झाला असता, शर्यतीतून नाव गेलं असतं. करार तसाही संपतच होता. गेलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं? पण हे सगळं इथे बसून लिहिणाऱ्याला सुचतं. त्याला सुचलं एवढंच, की राजेंकडे आता एकही बाटली नाही. आणि तो मुकाट्यानं गाडीकडे पाणी आणायला गेला.

इथवर ही एका खुळ्या माणसाच्या खुळ्या चुकीची गोष्ट होती. खरा तमाशा यानंतर सुरू झाला.

टीव्हीवर समालोचन करणारे दोघे होते. दोघांनाही दिवसभर बोलायला विषय लागतो आणि सपाट रस्त्याच्या टप्प्यात तो मिळत नाही. त्यांनी हे पाहिलं आणि त्यांना अक्षरशः भरून आलं. "घराच्या दारात पत्नी उभी, आणि हा थांबला नाही! पत्नीनं दिलेलं पाणी स्वतः न पिता आपल्या नेत्याला दिलं! याला म्हणतात निष्ठा!" एकानं चष्मा पुसला म्हणतात. संध्याकाळपर्यंत ते दृश्य सगळीकडे फिरलं. साहेबांनी, ज्यांना एरवी त्याचं नाव आठवायला वेळ लागे, त्याच्या खांद्यावर हात टाकून पत्रकारांपुढे उभं केलं.

"त्या क्षणी तुमच्या मनात काय होतं?" एका पत्रकार बाईनं विचारलं.

पाणक्यानं तोंड उघडलं.

"संघ!" साहेब म्हणाले. "दुसरं काय असणार?"

राजेंनीही मोठ्या मनानं सांगितलं की त्या पाण्याची चव आपण जन्मात विसरणार नाही. चव त्यांनी मानेवर ओतली होती, पण कॅमेरा तेव्हा डोंगर दाखवत होता. नाव मोठं, लक्षण खोटं, आणि टाळ्या त्याहून मोठ्या. गाद्यांच्या कंपनीची प्रसिद्धीवाली बाई दुसऱ्याच दिवशी आली आणि पोस्टर करायचं ठरवून गेली. वर फोटो, खाली ओळ: 'आधी संघ, मग घर.' जी कंपनी घरात अंथरायच्या वस्तू विकते तिनं घराला दुसरा नंबर द्यावा, याचं कुणालाही हसू आलं नाही. धंद्यात हसण्याची परवानगी फक्त फोटोपुरती असते. आणि साहेबांनी बिस्किटाचा पुडा बाजूला ठेवून स्वतः होऊन सांगितलं, "तुझा करार आणखी दोन वर्षं. कागद तयार आहेत. अशी माणसं आम्ही सोडत नाही."

जी गोष्ट इतकी वर्षं घाम गाळून मिळाली नाही, ती एका चुकीनं मिळाली.

मालिशवाला तेवढा फसला नाही. संध्याकाळी पोटऱ्या चोळताना त्यानं हळूच विचारलं, "चुकून ना?"

"चुकून."

"विमानतळासारखं?"

"तसंच."

मालिशवाल्यानं दुसरी पोटरी धरली. "बाहेर बोलू नकोस," तो म्हणाला. "आणि घरी काय सांगणार आहेस ते आत्ताच ठरव."

घरी फोनवर बोलणं झालं, पण त्याला बोलणं म्हणायचं तर म्हणावं. "पोचलास मुक्कामाला?" "हो." "जेवलास?" "हो." "बरं." ती कुरकुरली नाही, रडली नाही, भांडली नाही. तिनं सांगितलंच होतं, परत विचारणार नाही म्हणून. शर्यत संपेपर्यंत पाणक्या रोज मनातल्या मनात एक उत्तर जुळवायचा आणि रोज पाणी वाटता वाटता ते सांडून जायचं.

शर्यत संपली, तो घरी आला. कोपऱ्यावर वळला तर मेहुण्याच्या दुकानाच्या काचेवर हे भलं मोठं पोस्टर. मेहुणा धावत बाहेर आला, त्यानं भावजींच्या हातातली बॅग घेतली, खुर्ची पुसून दिली.

"भावजी, माफ करा हो. आजवर मी काहीबाही बोललो. आता रोज माणसं येऊन विचारतात, हे तुमचे कोण? मी सांगतो, आमचे भावजी! गाद्याही खपतात बघा."

ज्या माणसानं बहिणीला दारात तसंच उभं टाकून याला जाताना पाहिलं, तोच आता पाया पडायच्या बेतात होता. पाणक्याला पहिल्यांदाच मेहुण्याचा जुना फटकळपणा बरा वाटला.

घरी बायको दुपारपाळीला निघायच्या तयारीत होती. पांढरा कोट इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकलेला. तिनं त्याला पाणी दिलं. पेल्यात, साधं. तो प्यायला. बॅगेत कराराचे कागद होते, सही न केलेले. ते त्यानं मेजावर ठेवले, कारण लपवून काय उपयोग.

"दोन वर्षं देतायत," तो म्हणाला.

"दादानं सांगितलं." ती समोर बसली. "परत विचारणार नाही म्हणाले होते मी, पण एक विचारते. मुद्दाम गेलास की चुकून?"

या दोन्हीपैकी काहीही म्हटलं तरी घात होता, आणि ते त्याला आत्ता, पेला हातात धरून बसल्यावर समजलं. मुद्दाम म्हणावं, तर आपण हिच्यापेक्षा राजेंना वरचं मानलं असं होतं. सगळं जग तेच मानून टाळ्या वाजवत होतं, आणि खोटं बोलणं सोपं होतं, छापूनच आलं होतं. पण तो मुळात खोटारडा नव्हता, आणि खरं सांगितलं की माणूस सुटतो अशी पुरुषांची एक भाबडी समजूत असते, ती त्याचीही होती.

"चुकून," तो म्हणाला. "शप्पथ, चुकून. कानात साहेब ओरडले आणि... मला तू दिसलीच नाहीस गं. हात दिसला आणि बाटली दिसली. तू आहेस हे मला नंतर कळलं. मुद्दाम कसा जाईन मी?"

ती उठली. तिनं कपाटावरची गुंडाळी काढली. भावानं तिला एक पोस्टर घरी लावायला दिलं होतं. तिनं ते कराराच्या कागदांवरच उलगडलं आणि उडू नये म्हणून वर पेला ठेवला. मध्ये पाणक्या, वाकलेला, डोळे बाटलीवर. मागे 'निवांत झोपा'. आणि डाव्या कडेनं आत आलेला एक हात, मनगटापर्यंत. घड्याळाचा पट्टा दिसत होता. त्याच्या पलीकडे कागद संपत होता.

"हे पोस्टर आल्यापासून मी त्या फोटोवाल्याला शिव्या घालतेय," ती म्हणाली. "म्हटलं, मेल्यानं मला मनगटापासून कापलं. नवऱ्याला पाणी देणारी बाई कोण, तिला तोंड आहे की नाही, काही नको होतं त्याला. आता कळलं, त्याचं काही चुकलं नाही. तुला जेवढं दिसलं तेवढंच त्यानं ठेवलं."

"असं नको ना बोलू."

"मुद्दाम गेला असतास तर मी भांडले असते. तुला माझ्यापेक्षा ते राजे महत्त्वाचे वाटतात म्हणून बोल बोल बोलले असते. भांडून माणूस परत आणता येतो." तिनं कोट अंगात घातला, बटणं लावली, खिशात किल्ली आहे का ते चाचपलं. "पण मी तुला दिसलेच नाही, त्याला मी काय करू?"

तो खुर्चीवरून उठला. तिनं पेला उचलला तसा पोस्टर आपोआप गुंडाळलं गेलं आणि खालचे कागद उघडे पडले.

"सही करून टाक," ती दारातून म्हणाली. "आणि पुढच्या वेळी शर्यत इकडून जाणार असेल तर आधी कळव. मी त्या दिवशी मधली सुट्टी घेणार नाही."